कढईची कढी होऊ नये म्हणून: मराठी ब्रेल छपाईचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला उत्तर

ऐरोलीच्या एका प्रोग्रामरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची भाची सातवीत आहे आणि ब्रेल वाचते. तिच्यासाठी गोष्टी आणि शाळेच्या नोट्स वर्ड फाइलमध्ये मिळतात. त्यांनी दोन रात्री बसून पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला: देवनागरी अक्षर आलं की तक्त्यात बघायचं आणि त्याचं ब्रेल अक्षर लिहायचं. ओळखीच्या एका मशीनवर पाच पानं काढून आणली. भाचीने दोन ओळी वाचल्या, "मामा, यात खूप चुका आहेत," म्हणाली आणि पान बाजूला ठेवलं. तक्ता तीनदा तपासून झाला आहे, मग चुकतंय कुठे? तयार कोडची लायब्ररी कुठली घ्यावी? आणि हे काम एआयकडून करून घेता येईल का?

मी सतरा वर्षं ठाण्यात हेच काम करते. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची दोन एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलची टिंबं उठवणारी, मशीन आहेत. मजकूर ब्रेलमध्ये बदलणारा प्रोग्राम मी सांभाळते आणि मशीनमधून निघालेलं पहिलं पान आमचे प्रूफ वाचणारे काका वाचतात. ते जन्मापासून अंध आहेत. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आणि काकांच्या बोटांनी पकडल्या.

तुमचा तक्ता बहुधा बरोबरच आहे. पण तुम्ही प्रश्न 'अक्षर बदलण्याचा' समजून सोडवलात. तो तीन वेगळ्या कामांचा आहे: मिळालेला मजकूर शुद्ध करणं, तो ब्रेलच्या नियमांनी लिहिणं, आणि बोटाने वाचणाऱ्यासाठी पान मांडणं. मधलं काम त्यातल्या त्यात सोपं, तरी तुमची पहिली ठेच तिथेच लागली असणार, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच पद्धत, सहा टिंबांची: एका सेलमध्ये, म्हणजे एका आकृतीच्या चौकटीत, डावीकडे वरून खाली टिंबं १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६. सहा टिंबांतून ६३ आकृत्या होतात आणि त्यांतच स्वर, व्यंजनं, आकडे, विरामचिन्हं असं सगळं बसवायचं आहे. त्यामुळे छापील देवनागरीत आहेत त्या सगळ्या सोयी इथे नाहीत. सगळ्यांत मोठा फरक म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना ब्रेलमध्ये वेगळी चिन्हं नाहीत. 'ई' आणि दुसरी वेलांटी एकच: टिंबं ३-५. 'की' लिहायचं तर क आणि पुढे ई. व्यंजनातला 'अ' लिहीत नाहीत, तो गृहीत असतो.

आता 'कढई' लिहून बघा. तुमचा तक्ता क देईल, ढ देईल, ई देईल. वाचणारा काय वाचेल? कढी. आमच्याकडे पाककृतींचं एक छोटं पुस्तक छापत असताना नेमकं हेच झालं होतं. काकांचं बोट ढ वर थांबलं. ढ म्हणजे सहाही टिंबं भरलेला सेल, तो चुकून दुसरा काही वाटणं शक्य नाही. त्याच्या पुढच्या ३-५ वर ते दोनदा मागेपुढे फिरलं आणि काका म्हणाले, "कढीत तेल तापवायचं? असं कसं होईल?" तोवर वीस प्रती निघाल्या होत्या.

नियम असा: व्यंजनाला काही लागलेलं नसेल, त्याचा पाय मोडलेला नसेल आणि लगेच सुटा स्वर आला, तर मध्ये 'अ', म्हणजे टिंब १, लिहायचा. क, ढ, अ, ई. हा नियम नसेल तर 'नऊ'चं नू होतं, 'मऊ'चं मू होतं आणि तुमच्या पत्त्यातलं नवी मुंबई 'नवी मुंबी' होतं. 'आई' किंवा 'घेऊन' यांना हा त्रास नाही, कारण तिथे आधीच्या अक्षराला काना किंवा मात्रा आहे. म्हणूनच ही चूक लवकर कळत नाही. शंभरातले नव्वद शब्द बरोबर येतात आणि प्रोग्राम नीट चालला असं वाटतं.

दुसरी ठेच जोडाक्षरांची. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या आताच्या पद्धतीत, पाय मोडण्याचं चिन्ह अक्षरानंतर साठवलेलं असतं: 'पत्र' म्हणजे प, त, पायमोड, र. भारती ब्रेलमध्ये पायमोडीचं चिन्ह, टिंब ४, त्या अक्षराच्या आधी येतं: प, टिंब ४, त, र. म्हणजे तुमच्या प्रोग्रामने त लिहिण्याआधी पुढे डोकावून बघायला हवं. 'राष्ट्र' मध्ये हे दोनदा करावं लागतं, 'अर्थात्' मध्ये शब्दाच्या शेवटीही. यात आणखी एक खाच आहे. क्ष आणि ज्ञ यांना ब्रेलमध्ये स्वतंत्र सेल आहेत (१-२-३-४-५ आणि १-५-६), पण युनिकोडमध्ये ते तीन-तीन तुकड्यांचे असतात. तुम्ही आधी पायमोड पुढे सरकवलीत तर क्ष ओळखूच येत नाही. म्हणून आधी क्ष आणि ज्ञ ओळखायचे, मग पायमोड हलवायची. 'लक्ष्मी' हा शब्द दोन्ही गोष्टी एकदम तपासतो: ल, टिंब ४, क्ष, म, ई. माझ्या प्रोग्रामच्या चाचण्यांत लक्ष्मी सगळ्यांत वर आहे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. इथे मराठी माणसाने जास्त जपायला हवं, कारण आपण प्रत्यय चिकटवून लिहितो. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळ्या आकृत्या नाहीत. ठरावीक दहा अक्षरं आकडा-चिन्हाच्या (३-४-५-६) पुढे आली की ती आकडे म्हणून वाचायची. अ म्हणजे १, ब म्हणजे २, च म्हणजे ३, द म्हणजे ४, ए म्हणजे ५. आता '१९४७चे' लिहा. १, ९, ४, ७, च, ए. वाचणाऱ्या बोटाला दिसतं १९४७३५. कुठलंही व्याकरण त्या विद्यार्थ्याला वाचवू शकत नाही, त्याच्या हाताखाली सरळ सहा आकडी संख्या आहे. 'मला ५च पाहिजेत' चं ५३ होतं. सोसायटीच्या नोटिशीतला '३०२ब' हा फ्लॅट ३०२२ होतो. आम्ही आकडा आणि त्याला चिकटलेलं अक्षर यांच्यात सरसकट रिकामी जागा सोडतो. इंग्रजी ब्रेलमध्ये यासाठी ५-६ हे अक्षर-चिन्ह वापरतात, ते मात्र इथे उचलून आणू नका. भारती ब्रेलमध्ये ५-६ म्हणजे अनुस्वार.

आणि हो, आकडा-चिन्हाची आकृती आणि ण ची आकृती एकच आहे. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. मराठी शब्द ण ने सुरू होत नाहीत (जैनांचा णमोकार मंत्र सोडला तर) आणि आकडा-चिन्ह बहुधा शब्दाच्या सुरुवातीलाच येतं. पण पुढेमागे ब्रेलमधून परत देवनागरी करणारा प्रोग्राम लिहिलात, तर 'गणित' चं 'ग९त' होईल. मी हे माझ्या स्क्रीनवर पाहिलेलं आहे.

इथवरचं सगळं दोन आठवड्यांत दुरुस्त होईल. खरा घाम गाळायला लावतो तो मिळालेला मजकूर. तुम्हाला वर्ड फाइल मिळते म्हणालात. ती उघडून अक्षरावर क्लिक करा आणि फॉण्टचं नाव बघा. कृतिदेवसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये असेल, तर दिसतं मराठी पण आत रोमन अक्षरं भरलेली असतात. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. आधी ते युनिकोडमध्ये आणावं लागतं आणि प्रत्येक फॉण्टचा नकाशा वेगळा. पीडीएफ असेल तर आणखी काळजी घ्या. पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या जागा सोडतात आणि रफार गळतो. एकदा एका संस्थेने निबंधांची पीडीएफ पाठवली, आम्ही ती तशीच मशीनला दिली आणि पंधरा पानं वाया गेली. तेव्हापासून मूळ टाइप केलेली फाइल मिळाल्याशिवाय मी काम हातात घेत नाही, मग दोन दिवस फोन करावे लागले तरी चालतील.

शुद्ध युनिकोडमध्येही एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिलेली असते. 'दऱ्या' मधला अर्धा र कोणी खाली टिंब असलेल्या ऱ ने लिहितं, कोणी साध्या र ला पायमोड आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. 'ॲप' मधला ॲ एका तुकड्याचाही असतो आणि अ वर चंद्र देऊन दोन तुकड्यांचाही. आकडे देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही एकाच परिच्छेदात. म्हणून ब्रेलकडे वळण्याआधी एक स्वतंत्र पायरी ठेवा, जी हे सगळं एका रूपात आणेल. ही पायरी ब्रेलच्या नियमांत मिसळू नका. सहा महिन्यांनी कुठली चूक कुठून आली ते शोधताना तुम्हालाच सोपं जाईल.

आता पान. इथे तुमच्या भाचीने पान का बाजूला ठेवलं त्याचं आणखी एक कारण असावं, असा माझा अंदाज आहे. ब्रेलच्या फाइलचा जो बीआरएफ नावाचा प्रकार सगळीकडे चालतो, त्यात ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान हा नेहमीचा हिशोब असतो. तो अमेरिकेतल्या ११ गुणिले साडेअकरा इंचांच्या कागदाचा. आपल्याकडे बरेचदा ए-फोर वापरतात. एका सेलपासून दुसऱ्या सेलपर्यंत साधारण ६ मिलिमीटर आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत १० मिलिमीटर धरा. २१० मिलिमीटर रुंदीच्या कागदावर शिवणीची जागा सोडून तीसेक सेल बसतात, २९७ च्या उंचीवर २७ ओळी. चाळीस सेलची ओळ या कागदाला दिली तर मशीन तीस सेल एका ओळीत उमटवतं आणि उरलेले दहा पुढच्या ओळीत. पान हातात घेतलं की एक ओळ भरलेली, एक तोकडी, एक भरलेली, एक तोकडी, आणि शब्द मध्येच चिरलेले. डोळस माणूस ते एका नजरेत सावरून घेतो. बोटाला प्रत्येक ओळीची सुरुवात शोधावी लागते, आणि इथे ती दुप्पट वेळा शोधावी लागते.

म्हणून ओळ तोडण्याचं काम मशीनवर सोडू नका, ते तुमच्या प्रोग्रामने करायला हवं. शब्द मावत नसेल तर अख्खा पुढच्या ओळीत. लांबलचक शब्द तोडावाच लागला तर टिंब ४ त्याच्या अक्षरापासून आणि आकडा-चिन्ह त्याच्या आकड्यापासून कधी वेगळं करू नका. परिच्छेद तिसऱ्या सेलपासून सुरू करा, म्हणजे बोट डाव्या कडेने खाली सरकतानाच नवा परिच्छेद कळतो. दोन्ही कडा सारख्या करायच्या नाहीत, त्याने मध्ये पोकळ्या पडतात आणि बोट अडखळतं.

शाळेचं पुस्तक असेल तर छापील पानाचा आकडा ब्रेलमध्येही टाका. एका छापील पानाची साधारण तीन ब्रेल पानं होतात. बाई वर्गात म्हणतात, "पान बेचाळीस उघडा," आणि तुमच्या भाचीच्या हातात जे आहे त्यात ते पान एकशे सव्वीसच्या आसपास असतं. छापील पान जिथे बदलतं तिथे तो आकडा दिला तर ती वर्गाबरोबर राहते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने हे मागेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तक्ते हा मोठा विषय आहे, इथे एवढंच सांगते की सहा रकान्यांचं वेळापत्रक तीस सेलमध्ये बसत नाही. ते वाराप्रमाणे उलगडून लिहा: सोमवार, खाली तासांची यादी. गणितासाठी वेगळी पद्धत आहे. भाचीच्या शाळेत काय शिकवतात ते आधी विचारा आणि पहिल्या वर्षी गणिताला हात लावू नका. मराठीत मधेच येणारे इंग्रजी शब्दही तिच्या शिक्षकांशी बोलून ठरवा, कारण त्याच आकृत्या दोन्ही भाषांत वेगळ्या वाचल्या जातात.

मशीनबद्दल थोडं. ब्रेलची फाइल विंडोजच्या नेहमीच्या प्रिंटमधून पाठवली तर ड्रायव्हर तिला चित्र समजून घोळ घालू शकतो. ती जशीच्या तशी, कच्ची, मशीनकडे जायला हवी. मशीनच्या आतही एक अक्षरतक्ता आणि पानाची मापं असतात. तुमच्या फाइलशी ती जुळली नाहीत तर प्रोग्राम निर्दोष असूनही पान अगम्य येतं. मशीन दुसऱ्याचं असेल तर छापण्याआधी त्याची सेटिंग लिहून घ्या. कागद १२० ते १६० जीएसएमचा घ्या, झेरॉक्सच्या कागदावर टिंबं फाटतात. आणि हे आपल्या भागाचं: जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होतो आणि टिंबं बसकी येतात. आम्ही रीम प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवतो आणि लागतील तेवढीच पानं बाहेर काढतो. घरी मशीन आणायचा विचार असेल तर आवाज आधी ऐकून या. छोट्या हातोड्यांचा मारा असतो तो, फ्लॅटमध्ये रात्री चालवता येत नाही.

लायब्ररीचं विचारलंत. लिबलुई घ्या. खुली आणि मोफत आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) ब्रेलसाठी तीच वापरतो आणि तिच्यात मराठीचा तक्ता आधीपासून आहे. तक्ता म्हणजे साधी मजकूर फाइल, ओळीला एक नियम. तुमचा पायथनचा तक्ता टाकून द्या असं मी म्हणत नाही, तो लिहिताना तुम्ही ब्रेल शिकलात. पण इथून पुढे तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती लिबलुईच्या तक्त्यात गेली तर ती फक्त तुमच्या भाचीपुरती राहत नाही, मराठी ब्रेल वाचणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात पोचते. सगळं काम तिच्यावर टाकता मात्र येत नाही. मजकूर शुद्ध करणं आणि पान मांडणं तुम्हालाच करायचं आहे.

मजकूर ब्रेलमध्ये बदलायचं काम एआयला देऊ नका. नियम ठरलेले आहेत, तिथे दर वेळी तेच उत्तर यायला हवं आणि चूक झाली तर कुठल्या नियमात झाली ते बोट ठेवून दाखवता यायला हवं. जुन्या छापील पुस्तकाची पानं स्कॅन करून मजकूर काढायला अशी साधनं उपयोगी पडतात, टेसरॅक्ट हा स्कॅनमधला मजकूर ओळखणारा प्रोग्रामही मराठी वाचतो. तो मजकूर मात्र माणसाने मूळ पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

पुस्तकांच्या हक्कांची काळजी प्रश्नात नव्हती, पण ती पुढे येईलच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला मुभा आहे. भाचीच्या अभ्यासासाठी तुम्ही निर्धास्त राहा.

किती वेळ लागेल, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. भाची ब्रेल किती सराईतपणे वाचते, फाइली कुठून येतात आणि मशीन कुणाचं आहे, यावर ते ठरेल. नव्याने शिकणाऱ्या मुलीला एक चुकलेलं टिंब अडवतं. सराईत वाचक अंदाजाने पुढे जातो आणि तुम्हाला चूक सांगतच नाही. त्या अर्थाने तुमची भाची तपासायला अगदी योग्य आहे, कारण तिने पान बाजूला ठेवलं.

चाचणीची एक युक्ती देते, मला ती फार उशिरा सुचली. मराठी शब्दांची मोठी यादी घ्या, सगळे शब्द ब्रेलमध्ये बदला आणि दोन वेगवेगळ्या शब्दांचं ब्रेल एकच आलंय का ते शोधा. अशी जोडी सापडली की तिथे बहुतेक वेळा चूक असते. कढई आणि कढी पहिल्याच फेरीत समोर आले असते.

आज रात्री इतकंच करा: कढई, मऊ, नवी मुंबई, पत्र, राष्ट्र, अर्थात्, लक्ष्मी, ज्ञान, दऱ्या, ॲप, १९४७चे, ३०२ब हे बारा शब्द प्रोग्रामला द्या आणि काय येतं ते टिंबांच्या आकड्यांत इथेच लिहा. आले तसे लिहा, दुरुस्त करून नको. बरोबर आले की एका पानाची गोष्ट तीस सेलच्या ओळीत मांडून फाइल तयार ठेवा. शनिवारी दुपारी आमचं एक मशीन रिकामं असतं आणि काकाही असतात. ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडा, भाचीला बरोबर आणा. कागद आमच्याकडे आहे. पान निघालं की आधी तिला वाचू द्या, मग काका वाचतील.